ट्रॅक्टरला स्टेपनी का नसते? फुटलेल्या टायरमधून शेतीचा इतिहास वाचताना

मोटारीला स्टेपनी असते, ट्रकला असते, रिक्षालाही असते. ट्रॅक्टरला मात्र सहसा नसते. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी, चांदवड अशा कुठल्याही तालुक्याच्या गावी जा आणि शोरूमबाहेरचा कोरा करकरीत ट्रॅक्टर नीट बघा. लाखो रुपयांच्या या यंत्राबरोबर चारच चाकं येतात. पाचवं कुठेही टांगलेलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, यात संशोधन ते काय? तर आजच्या लेखात तेच सांगायचं आहे.

पीएच.डी.ची तयारी करताना बहुतेकांच्या वहीत पहिला विषय असा लिहिलेला असतो: ‘अमुक जिल्ह्यातील कृषी यांत्रिकीकरण : एक ऐतिहासिक अभ्यास’. मार्गदर्शक म्हणतात, ‘विषय फार मोठा आहे, लहान करा.’ मग आपण कालखंड कापतो, नाहीतर तालुका कापतो. तिसराही एक मार्ग आहे, तो म्हणजे वस्तू लहान करणं. पूर्ण ट्रॅक्टर न घेता त्याचा टायर घ्यायचा. तोही कारखान्यातून बाहेर पडणारा नाही, तर बांधावर फुटलेला. तो दुरुस्त करायचा की बदलायचा, हे कोण ठरवतं? कशावरून ठरवतं? आणि तोवर नुकसान कोण सोसतं? एवढे तीन प्रश्न हातात असले, की यांत्रिकीकरणाचा इतिहास वेगळाच दिसायला लागतो.

आधी शब्दाकडे बघा

‘स्टेपनी’ हा शब्द आपण इतका सहज वापरतो की तो मराठीच वाटतो. तो आला वेल्समधल्या लानेली या गावातून. १९०४ मध्ये तिथल्या डेव्हिस बंधूंनी मोटारीसाठी जादा चाक तयार केलं. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून चाकाचं नाव स्टेपनी पडलं. हा शब्द भारतात मात्र घट्ट रुजला.

जादा चाकामागे एक कल्पना आहे. गाडी घरापासून लांब जाणार, रस्त्यात चाक फुटणार, जवळ मदत नसणार, म्हणून चाक सोबत न्यायचं. ट्रॅक्टरच्या रचनेत ही कल्पनाच नाही. त्याला तांत्रिक कारणंही आहेत. पुढची आणि मागची चाकं वेगळ्या मापाची असल्यामुळे एका जादा चाकात काम भागत नाही. मागचं चाक तर इतकं जड असतं की एकट्या माणसाला उचलता येत नाही. पण मूळ समजूत अशी, की ट्रॅक्टर आपल्या शेतात चालणार आणि घर जवळच असणार.

नाशिकचा ट्रॅक्टर या समजुतीत बसत नाही. सकाळी तो द्राक्षबागेत ब्लोअर ओढतो आणि दुपारी कांद्याची ट्रॉली घेऊन लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजार समितीत रांगेत उभा असतो. म्हणजे तो शेताचाही असतो आणि मुंबई-आग्रा महामार्गाचाही. फुटलेल्या टायरचा सगळा पेच या दोन्हींच्या मध्ये सापडतो.

टायर ट्रॅक्टरला लागला तो बागेमुळे

सुरुवातीच्या ट्रॅक्टरला रबरी टायर नव्हते. पोलादी चाकं होती आणि जमिनीत पकड यावी म्हणून त्यांवर पोलादी दात. शेतात ती चालायची, पण रस्ता उखडायची. अमेरिकेत फ्लोरिडातल्या संत्र्यामोसंबीच्या बागांत आणखी एक अडचण आली. पोलादी दातांनी झाडांच्या वरवरच्या मुळ्या तुटायच्या. १९३० च्या आगेमागे तिथल्या बागायतदारांनी ट्रकचे टाकून दिलेले टायर पोलादी चाकांवर चढवून पाहिले. कंपन्या मागून आल्या. १९३२ मध्ये अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने फायरस्टोनच्या सहकार्याने हवेच्या टायरचा ट्रॅक्टर बाजारात आणला. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा पुढच्याच वर्षी बार्नी ओल्डफिल्ड या नावाजलेल्या शर्यतपटूने टायरवरचा ट्रॅक्टर ताशी ६० मैलांहून जास्त वेगाने पळवून दाखवला. १९४० पर्यंत अमेरिकेतले बहुतेक नवे ट्रॅक्टर रबरावर धावू लागले होते.

इथे जरा थांबा. ट्रॅक्टरच्या टायरची सुरुवात शेतकऱ्यांनी जुना टायर दुसऱ्या कामाला लावण्यातून झाली. आधी शोध, मग उत्पादन, मग वापर आणि शेवटी दुरुस्ती, असा जो क्रम पाठ्यपुस्तकात असतो, तो इथे टिकत नाही. डेव्हिड एजर्टन यांनी २००६ च्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या पुस्तकात हाच मुद्दा मोठ्या पटावर मांडला आहे. तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांवरून न लिहिता वापरावरून आणि देखभालीवरून लिहावा, असं ते म्हणतात. भारतापुरतं बोलायचं तर डेव्हिड अर्नोल्ड यांचं ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ (२०१३) सायकल, शिलाई यंत्र, टंकलेखन यंत्र आणि भाताची गिरणी घेऊन असाच विचार करतं. तुमचा विषय या वळणाचा असेल, तर ही दोन्ही पुस्तकं लवकर वाचा.

धाव आणि टायर

आपल्याकडे टायर येण्याआधी चाक होतंच. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी कडं असायचं, त्याला धाव म्हणतात. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करायची, चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि चाक घट्ट आवळलं जातं. चाक सुताराचं, धाव लोहाराची. दोघेही बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या पुस्तकात ही व्यवस्था तपशिलात सापडते. वर्षभर गावाची अवजारं दुरुस्त करायची आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा, असा तो व्यवहार.

आता पंक्चरच्या दुकानाशी त्याची तुलना करा. इथे प्रत्येक कामाचे पैसे रोख. दुकानदार गावचा असेलच असं नाही. महाराष्ट्रातल्या महामार्गांवर टायरचं दुकान म्हटलं की एके काळी मल्याळी माणूस डोळ्यासमोर यायचा. आज कित्येक ठिकाणी उत्तर प्रदेश, बिहारकडची मुलं हातात टॉमी घेऊन दिसतात. केरळशी असलेला धागाही बघण्यासारखा आहे. देशातल्या रबर लागवडीचं मुख्य राज्य केरळ, आणि १९४७ च्या रबर कायद्याने आलेल्या रबर मंडळाचं मुख्यालय कोट्टायमला.

म्हणजे बदललं काय? बलुत्यात चाक मोडण्याचा धोका वर्षभरावर पसरलेला होता. चाक दोनदा मोडलं म्हणून शेतकऱ्याला दुप्पट द्यावं लागायचं नाही. टायरच्या काळात तो धोका एका दिवसावर आला, खिशात पैसे असतील त्या दिवसावर. मात्र बलुत्याच्या आठवणीने हळवं होण्याचंही कारण नाही. ती दुरुस्ती जातीने बांधलेली होती. कारागिराला काम नाकारता येत नव्हतं, गाव सोडून दुसरीकडे दुकान मांडता येत नव्हतं. पंक्चरवाल्याला ते येतं. इतिहास लिहिताना हे दोन्ही एकाच परिच्छेदात यायला हवं. एक बाजू गाळली, की लेखन एकतर स्मरणरंजन होतं नाहीतर जाहिरात.

दुरुस्ती की नवा टायर?

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. ही माहिती नसेल तर मुलाखतीत तुम्हाला पुढचा प्रश्नच सुचणार नाही.

टायरच्या बाजूवर लिहिलेलं वाचायला शिका. ‘१३.६-२८’ म्हणजे टायरची रुंदी १३.६ इंच आणि तो २८ इंची रिमचा. पुढच्या चाकावर ‘६.००-१६’ असं माप सर्रास दिसतं. द्राक्षबागेतल्या छोट्या ट्रॅक्टरचे टायर याहून लहान असतात, कारण दोन ओळींमधून वेलींना धक्का न लावता जायचं असतं. बऱ्याच टायरवर चार आकडे कोरलेले असतात. ‘३५१९’ असेल तर टायर २०१९ च्या ३५ व्या आठवड्यात तयार झाला. एवढ्या चार आकड्यांवरून टायरचं वय कळतं. ट्रॅक्टर जुना आणि टायर नवा असेल, तर मधे काय झालं हे विचारायची जागा तुम्हाला सापडली.

नुकसानाचे प्रकारही वेगवेगळे. बाभळीचा काटा किंवा छाटलेल्या काडीचं टोक घुसलं, तर साधं पंक्चर. ट्यूब काढायची, घासायची, सोल्यूशन लावून पॅच बसवायचा. पण मागच्या चाकात वजनासाठी पाणी भरलेलं असेल, तर आधी ते काढावं लागतं. १३.६-२८ च्या टायरमध्ये पाऊण भाग पाणी म्हणजे दीडशे लिटरच्या आसपास. मंडपाच्या तारेने किंवा दगडाने टायरच चिरला, तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावतात, त्याला दुकानात गेटर म्हणतात. नक्षी झिजली पण सांगाडा धड असेल, तर रिमोल्डिंग करून वर नवं रबर चढवता येतं. बाजूची भिंत फाटली किंवा रिमवर बसणारी तारेची कड तुटली, तर मात्र टायर गेला.

तो गेला म्हणजे खर्च एकाच टायरचा, असंही नाही. मागचे दोन टायर वेगवेगळे झिजलेले असले, की ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो आणि डिफरन्शिअलवर ताण येतो. त्यामुळे नवे घ्यायचे तर जोडी घ्यावी लागते. ते परवडत नसेल, तर तेवढाच झिजलेला जुना टायर शोधायचा. जुन्या टायरचा बाजार या गरजेवर उभा आहे. पूर्ण संपलेल्या टायरचाही शेवट होत नाही. त्याचे चपलांचे तळवे होतात, आणि ट्यूब कमरेला बांधून विहिरीत पोहायला शिकलेली कित्येक माणसं खेड्यात भेटतात.

आता यात वेळ मिळवा. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली आहे, कोवळी फूट आहे, आणि अवकाळी पाऊस येऊन गेला. डाऊनीची फवारणी ताबडतोब व्हायला हवी. त्याच दिवशी ब्लोअर ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा टायर चिरला, तर शेतकरी टायरची किंमत बघत बसत नाही, तास मोजतो. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागावा, तर त्याच्या बागेतही तोच पाऊस पडलेला असतो आणि त्यालाही त्याच तासात फवारायचं असतं. भाड्याचा मिळणंही म्हणूनच अवघड. अशा वेळी गेटर मारून काम उरकलं जातं आणि ‘नवा टायर हंगाम झाल्यावर बघू’ असं ठरतं. हाच टायर मे महिन्यात रिकाम्या रानात चिरला असता, तर निर्णय कदाचित वेगळा झाला असता. म्हणजे निर्णयात पिकाच्या तारखा टायरइतक्याच बोलतात.

संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर, ‘लहान शेतकरी दुरुस्ती करतो, मोठा बदलतो’ हे गृहीतक सोपं आहे आणि अपुरं आहे. त्यात पीक, महिना आणि हातात रोकड येण्याची तारीख घाला. मग तुमचं गृहीतक तपासण्याजोगं होईल.

याच्या नोंदी कुठे शोधायच्या?

‘पंक्चरचा कसला दफ्तरखाना?’ असं कोणी म्हणेल. पुढच्या पाच जागा बघा.

पहिली, पशुगणना. नाव पशुगणना असलं, तरी दर पाच वर्षांच्या या मोजणीत अनेक दशकं नांगर, गाड्या, इंजिनं आणि ट्रॅक्टरही मोजले गेले. देशात १९५१ मध्ये साडेआठ हजारांच्या घरात असलेले ट्रॅक्टर १९६१ मध्ये सुमारे ३१ हजार झाले आणि १९७२ मध्ये जवळपास १ लाख ४८ हजार. ही चढती रेघ प्रत्येक प्रबंधात असते. पण मोजणीच्या दिवशी दारात उभा असलेला प्रत्येक ट्रॅक्टर चालू होता का, हे ती रेघ सांगत नाही. शिवाय १९५० च्या आसपासचे सगळे ट्रॅक्टर टायरवाले नव्हते. कांस गवताने व्यापलेली जमीन मोडण्यासाठी केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने वापरलेली यंत्रं साखळीपट्ट्यावर चालणारी होती. जागतिक बँकेने १९४९ मध्ये भारताला १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, ते अशा यंत्रांसाठी. म्हणजे ‘ट्रॅक्टर’ हा एकच शब्द दोन वेगळ्या यंत्रांसाठी आलेला असतो.

दुसरी, पतपुरवठ्याची कागदपत्रं. ट्रॅक्टर घ्यायला कर्ज मिळतं हे सगळ्यांना माहीत आहे. टायरला काय? किसान क्रेडिट कार्डाच्या २०१२ च्या सुधारित योजनेत पीककर्जाच्या मर्यादेवर २० टक्के रक्कम शेतीच्या साधनांच्या दुरुस्ती-देखभालीसाठी धरली आहे. दुरुस्ती हा शेतीचा नेहमीचा खर्च आहे, हे इथे धोरणाच्या भाषेत उतरलं. मात्र ती रक्कम पिकावरून ठरते, ट्रॅक्टरच्या वयावरून नाही. हा फरक लिहून ठेवा.

तिसरी, करांचे दर. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. अशी तारीख संशोधकाला फार उपयोगी. तिच्या आधीची आणि नंतरची बिलं शेजारी ठेवली, तर नवा टायर घेण्याचं प्रमाण बदललं का, हे तुमच्या तालुक्यात तपासता येतं.

चौथी, ग्राहक आयोगांचे निकाल. १९८६ च्या कायद्याने जिल्हा पातळीवर मंच आले, आता २०१९ च्या कायद्याखाली आयोग आहेत. टायरच्या तक्रारीत वाद नेहमी एका जागी येतो: दोष बनावटीचा की वापराचा? कमी हवा, जास्त वजन, दगडाचा मार ही एक बाजू. नवीन टायर इतक्यात कसा फुटला, ही दुसरी. निकालात दोघांचं म्हणणं, तारखा, किंमत आणि कधी तपासणी अहवालाचा सारांशही असतो. शेतकऱ्याचं यंत्राविषयीचं म्हणणं लेखी स्वरूपात मिळण्याच्या मोजक्या जागांपैकी ही एक आहे. पण लक्षात ठेवा, आयोगापर्यंत पोचलेला माणूस सरासरी माणूस नसतो.

पाचवी जागा म्हणजे माणसं. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत सिएटचा टायर कारखाना आहे. कारखान्यात काय बनलं हे कंपनीच्या वार्षिक अहवालांतून शोधता येतं. त्याच शहराबाहेरच्या पंक्चरवाल्याचा वार्षिक अहवाल निघत नाही. त्याला जाऊन विचारावं लागतं. ‘तुमचा इतिहास सांगा’ असं विचाराल, तर तो हसेल. ‘शेवटचा ट्रॅक्टरचा टायर कधी उघडला? कुठून आणला होता? पैसे लगेच मिळाले का उधारी राहिली? या महिन्यात कोणते टायर जास्त येतात?’ असं विचारा. काम चालू असताना बसा, मध्ये मध्ये बोला. परवानगी घेऊनच लिहा, आणि उधारीच्या वहीतली नावं तुमच्या वहीत उतरवू नका.

‘जुगाड’ शब्द जपून वापरा

या विषयावर लिहिताना एक शब्द आपोआप पेनातून उतरतो: जुगाड. त्यात कौतुक असतं, पण खूप काही झाकलंही जातं. रिमवर कड बसावी म्हणून जास्त हवा भरताना टायर फुटला, तर समोरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. गेटर मारलेला टायर शेतात चालून जातो. तोच टायर भरलेल्या ट्रॉलीपुढे महामार्गावर गेला, तर धोका मागून येणाऱ्या दुचाकीवाल्यापर्यंत पोचतो. म्हणून तुमच्या टिपणात ‘जुगाड’ शब्द आला की त्याच्यासमोर दोन रकाने आखा: पैसे कोणाचे वाचले, आणि जोखीम कोणाच्या अंगावर गेली. बहुतेक वेळा दोन रकान्यांत दोन वेगळी नावं येतील. प्रबंधाचं प्रकरण तिथे सुरू होतं.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. ट्रॅक्टरला स्टेपनी नसते, कारण स्टेपनीचं काम दुसऱ्यांनी उचललेलं आहे. शेजारी, जुन्या टायरचा व्यापारी, रात्री उठणारा पंक्चरवाला आणि हंगाम संपेपर्यंत थांबणारा उधारीचा हिशोब, यांच्या भरवशावर चार चाकांचं यंत्र विकलं जातं. विक्रीच्या पावतीत यातलं काहीच नसतं, म्हणून विक्रीच्या आकड्यांवर लिहिलेल्या इतिहासातही ते येत नाही.

करून बघायला एक छोटं काम देतो. तुमच्या गावातल्या दहा ट्रॅक्टरांचे चाळीस टायर बघा. प्रत्येकाचं माप, तयार झाल्याचा आठवडा, झीज, पॅच किंवा गेटर आणि मालकाने सांगितलेलं बदलण्याचं कारण, एवढं एका तक्त्यात भरा. दोन दिवसांचं काम आहे. कारणांच्या रकान्यात कोणते महिने पुन्हा पुन्हा येतात, ते आधी बघा, आणि मगच विषयाचं शीर्षक लिहायला बसा.